चिकटलं म्हणजे औषध झालं?

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय: विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराची, अक्षरं संगणकाला द्या, तो मिनिटभरात अक्षराला अक्षर जुळवून त्याला चिकटणारं पेप्टाइड काढून देतो, विषाणू खल्लास, कंपन्या मात्र औषध दडवून बसल्यात. माझ्याकडे हा तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहितोय.

‘अक्षराला अक्षर जुळतं’ इथेच गाडी घसरते. तशी जोडी जमते आरएनएची आरएनएशी. पेप्टाइड ही अमिनो आम्लांची माळ. ती अक्षरं वाचत नाही, आकार चाचपते. एचआयव्हीच्या आरएनएच्या तोंडाशी ‘टार’ नावाचा 59 न्यूक्लिओटाइडांचा (म्हणजे 59 अक्षरांचा) भाग केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला असतो. त्याच्या दांडीवर एका बाजूला तीन न्यूक्लिओटाइडं जोडीदाराविना फुगून आलेली. विषाणूचं टॅट प्रथिन नेमकं तिथे बसतं. टॅटच्या तिथे बसणाऱ्या तुकड्यात अर्जिनिन हे अमिनो आम्ल सहा वेळा येतं. 1991च्या सुमारास संशोधक अॅलन फ्रँकेल यांच्या गटाने गंमत दाखवली: बाकी सगळीकडे लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल भरलं, पण योग्य जागी एकच अर्जिनिन ठेवलं, तरी टारची ओळख पटते. त्या एका जागीही लायसिन घातलं की संपलं. धन प्रभार दोघांवरही सारखाच, बरं का!

‘जितकं घट्ट तितकं चांगलं’? आघाड्याचं बी धोतराला चिकटतं, पण धोतर कुणाचं ते बघत नाही. धन प्रभाराची पेप्टाइडं तशीच, ऋण प्रभाराच्या कुठल्याही आरएनएला चिकटतात. आणि आपल्या पेशीतल्या आरएनएपैकी सुमारे 80 टक्के रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा असतो. आधी त्यालाच चिकटून बसली तर?

‘एचआयव्हीवर पेप्टाइडचं औषध आहेच की’ म्हणून एनफुविर्टाइडचं नाव पुढे करतात. 2003 मध्ये ते मंजूर झालं खरं. पण ते पेशीबाहेर, जीपी41 या प्रथिनाला धरतं. आरएनएशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय इंजेक्शननेच घ्यावं लागतं, कारण पोटात गेलेलं पेप्टाइड पचून जातं.

दडवण्याचं म्हणाल तर सगळं छापलेलं आहे. गायीगुरांच्या बीआयव्ही विषाणूचं टॅट हेअरपिनसारखं दुमडून त्याच विषाणूच्या टारमध्ये बसतं. त्यावरून गाब्रिएले वरानी आणि जॉन रॉबिन्सन या संशोधकांच्या गटांनी एचआयव्हीच्या टारला धरणारी 14 अमिनो आम्लांची बंद कडी घडवली, म्हणजे माळ सैल लोंबकळत नाही. पुढे सुधारत सुधारत तिची पकड पिकोमोलरपर्यंत गेली, म्हणजे अगदी नगण्य प्रमाणातही धरून ठेवेल इतकी घट्ट झाली. हे मिनिटभराचं काम नव्हतं, त्यात वर्षं गेली. आणि ही पकड परीक्षानळीतली. ती कडी पेशीच्या आत पुरेशी पोचवणं अजून बाकीच आहे.