बेसवाला लागतोच का?

गणपतीच्या तारखा लागायला सुरुवात झाली की हा प्रश्न दरवर्षी कानावर येतो. मंडळाचे कार्यकर्ते विचारतात, लग्नाचं संगीत ठरवणारे इव्हेंटवाले विचारतात, कधी कधी ऑर्केस्ट्रा चालवणारे आपलेच मित्र विचारतात. "बेसवाला लागतोच का? कीबोर्डवाला डाव्या हाताने करून घेईल ना." बजेट कमी करायचं ठरलं की पहिली काट बेस गिटारवर पडते. मग ऑक्टोपॅडवर (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) भागतं म्हणून ड्रमर जातो, आणि शेवटी गायक लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर एकटाच गात उभा राहतो. मी बरीच वर्षं पुणे-मुंबई आणि आसपासच्या गावांत बेस वाजवून घर चालवतोय. या प्रश्नाचं उत्तर मला एकदा सविस्तर द्यायचं आहे, आणि नव्याने या धंद्यात येणाऱ्या मुलामुलींना काही गोष्टी सांगायच्या आहेत. पोस्ट लांब होईल.

लागतो. कारण ट्रॅक गायकाचं ऐकत नाही. आपल्याकडचा श्रोता दाद देणारा आहे. एखादी जागा छान पडली की टाळी येते, गायक खुलतो आणि मुखडा आणखी एकदा घेतो, अंतऱ्याची पहिली ओळ वेगळ्या अंगाने पुन्हा म्हणतो. ट्रॅकला हे कळत नाही, तो पुढे निघून जातो. म्हणून ट्रॅकवर गाणारा गायक हळूहळू तशा जागा घेणंच सोडून देतो. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताबद्दल बोलायचं तर उत्तम वादक तो हात सुंदर चालवतात, मी ऐकलंय. पण त्याच माणसाला व्हायोलिन, बासरी, अ‍ॅकॉर्डियन सगळं उजव्या हाताने काढायचं असतं. दुसरं म्युझिक, म्हणजे अंतऱ्यांच्या मधलं वादन, अवघड असलं की दोन्ही हात तिकडे लागतात आणि नेमका तेव्हाच गाण्याखालचा आधार निघून जातो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही. पण ताल धरलेले हात थांबतात, आणि ते स्टेजवरून दिसतं.

आता बेसवाल्यांशी बोलतो, कारण आपली जागा टिकवायची तर कामही तसं हवं.

सगळ्यात आधी पट्टी. इंटरनेटवरचे धडे पाहून शिकलेली मुलं मूळ स्केलमध्ये गाणं अगदी हुबेहूब बसवून येतात. तालमीत गायिका म्हणते, "आज घसा बसलाय, अर्ध्याने खाली घेऊ या," आणि चेहरा उतरतो, कारण सगळी बांधणी मोकळ्या तारांवर केलेली असते. गिटारवाला कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सुटतो, आपल्याला ती सोय नाही. म्हणून गाणं सुरांच्या नावांनी पाठ करू नका, सा कुठे आहे ते धरून अंतरांनी पाठ करा. वहीत कॉर्डची नावं लिहिण्याऐवजी सा, ग, प असं लिहा. मग हार्मोनियमची काळी एक असो नाही तर पांढरी चार, हात फक्त सरकतो. याच कारणासाठी मी नव्या मुलांना पाच तारांचा बेस घ्यायला सांगतो. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन, साधारण ४१ हर्ट्‌झचा. आपल्याकडे पुरुष गायक सर्रास काळी एकमध्ये गातात. म्हणजे त्यांचा खालचा सा चार तारांवर मिळतच नाही, तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. पाचवी तार पांढरी सातपर्यंत, ३१ हर्ट्‌झच्या आसपास जाते, आणि खालचे काळी एक, काळी दोन दोन्ही हाताखाली येतात. शेवटच्या ओळीला सा खाली टेकवल्यावर नाट्यगृहात काय होतं, ते एकदा अनुभवून बघा.

दुसरी गोष्ट मला फार जिव्हाळ्याची वाटते. जुनी भावगीतं, नाट्यगीतं, अभंग हे सुरावटीच्या अंगाने बांधलेले असतात. त्यांच्याखाली सा, म, प अशा तीन ठरलेल्या जागांवर फिरायची सवय आपल्याला गिटारकडून आलेली आहे, आणि ती कित्येकदा गाण्याला इजा करते. यमनातल्या गाण्याखाली सवयीने शुद्ध मध्यमावर बेस नेला की गायकाचा तीव्र मध्यम टोचायला लागतो. मालकंसात पंचम नाही. तिथे सा-प, सा-प अशा उड्या मारल्या की राग मोडतो, मग गायक कितीही तयारीचा असो. अशा वेळी सा धरून थांबा, तानपुऱ्यासारखा. गरज वाटली तर त्या रागातल्याच सुरावर जा आणि परत या. ज्यांना राग येत नाहीत त्यांनी हार्मोनियमवाल्याशेजारी बसून विचारावं, लोक आनंदाने सांगतात. हे ज्ञान कुठल्याही महागड्या बेसपेक्षा जास्त काम मिळवून देतं. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत बेसवाल्याला पुन्हा बोलावलं जातं ते याच्यावर.

ढोलकी आणि ढोलक यांच्याबद्दलही हेच. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा हा स्वतःच खालचा सूर आहे. लावणीत तो घुमारा येतो त्याच क्षणी तुम्ही लांब सूर धरलात, तर दोन्ही मिळून गाळ होतो. सूर आखूड ठेवा, लगेच दाबा, आणि ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघत वाजवा. मी स्टेजवर नेहमी तालवाद्याच्या बाजूला जागा मागतो. गायकाच्या मागे सजावट म्हणून उभं केलं तरी चालतं, असं म्हणू नका. कंडक्टर आणि ताल, दोघे दिसलेच पाहिजेत.

याला आणखी एक कारण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणांच्या ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, तेही वर्षात १५ पेक्षा जास्त दिवस नाही. पाहुण्यांची भाषणं लांबली की गाण्यांची वेळ कापली जाते. पावणेदहा वाजता अंतरे गळतात, दोन गाणी जोडली जातात, आणि हे सगळं नजरेच्या आणि हाताच्या खुणांवर ठरतं. त्या क्षणी पुढच्या गाण्याचा पहिला सा ठामपणे देणारा बेसवाला असला की अख्खा संच सरळ वळतो.

आता आवाजाबद्दल. बेसच्या अगदी खालच्या सुराची लाट आठ मीटरहून लांब असते. त्यामुळे स्टेजवर तुम्हाला जे ऐकू येतं आणि मधल्या रांगेत जे पोचतं, त्यात फार फरक पडतो. स्टेजवर कमी वाटतं म्हणून अ‍ॅम्प वाढवत गेलात की हॉलमध्ये नुसता गोंगाट होतो आणि गायकाचे शब्द बुडतात. डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) स्वतःचा ठेवा, तिथून लाइन थेट मिक्सरला द्या आणि अ‍ॅम्प फक्त स्वतःपुरता वापरा. हॉल घुमत असेल तर २०० ते २५० हर्ट्‌झच्या आसपास थोडं कमी करायला सांगा. छोट्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नसेल तर खालचं वाढवून उपयोग नाही, ७०० ते ८०० हर्ट्‌झजवळ थोडं द्या, बोटांचा ठोका कळायला लागतो. साउंडवाल्या दादांशी चहाच्या वेळीच नावाने ओळख करून घ्या. दिवसभर उन्हात केबल ओढलेला माणूस असतो तो. त्याला आपण काय वाजवणार आहोत हे दोन वाक्यांत सांगितलं की तो मनापासून लक्ष देतो.

वीज. हा विषय मी तळमळीने लिहितोय. लॉनवरची लग्नं, मैदानावरचे कार्यक्रम, जनरेटर, ओली जमीन, आणि अर्थिंगचा पत्ता नाही. आपला हात तारांवर असतो, कोरससाठी ओठ माइकला लागतात आणि करंट अंगातून जातो. थोडी झिणझिणी आली तरी वाजवणं थांबवा, हात आणि तोंड बाजूला घ्या, आणि तपासणी झाल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. संयोजक घाई करतील, करू द्या. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. असं कुणालाही करू देऊ नका. घरघरीसाठी डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते आधी दाबून पाहा. साधा सॉकेट टेस्टर बॅगेत ठेवा आणि अ‍ॅम्प लावायच्या आधी बोर्ड तपासा.

बॅगेत आणखी काय? दोन केबल, ट्यूनर, तारांचा एक जादा संच, अ‍ॅलन की, ९ व्होल्टची नवी बॅटरी, टेप, टॉर्च. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरी असलेल्या बेसमध्ये जॅक लावून ठेवला की बॅटरी खर्च होत राहते, त्यामुळे मध्यंतरात जॅक काढा, पण त्याआधी ट्यूनरवर आवाज बंद करा. पावसाळ्यात कोकणात वाजवून लगेच वातानुकूलित हॉलमध्ये गेलात की मान हलते, तारा वर येतात किंवा खडखडतात. ट्रस रॉड (मानेतला तिचा बाक ठरवणारा लोखंडी गज) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि हॉलमध्ये पोचल्यावर बेस लगेच बाहेर काढून ठेवा, हवेशी जुळायला वेळ लागतो.

कान आणि पाठ ही दोन्ही कमाईची साधनं आहेत. ८५ डेसिबलला आठ तास ही मानलेली मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ड्रमच्या झांजेशेजारी, नवरात्रीच्या गरब्यात तासन्‌तास उभं राहणाऱ्याने हे आकडे पाठ करावेत. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, त्यांत आवाज खाली येतो पण रंग बदलत नाही. घरी गेल्यावर कानात गुणगुण राहत असेल तर ते दुखणं आहे, डॉक्टरांकडे जा. बेस चार-साडेचार किलोचा असतो, पट्टा रुंद घ्या. बेस फार खाली लोंबकळता ठेवलात तर डाव्या मनगटाची वाट लागते.

कौतुकाबद्दल थोडं. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी किती काम केलं, हे आता कुठे लिहिलं जातंय. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, हे किती श्रोत्यांना ठाऊक आहे? तिकडे डेट्रॉइटला मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन यांचंही नाव कित्येक वर्षं तबकड्यांवर छापलं जात नव्हतं. ही उपेक्षा जुनी आहे आणि ती आपण आपल्या पातळीवर मोडू शकतो. निवेदकाला कागदावर वादकांची नावं लिहून द्या, वाद्यासकट. मी प्रत्येक कार्यक्रमात देतो, आणि सगळ्यांची देतो, ऑक्टोपॅडवाल्या पोराचंही. आज मोहिनी डे हिच्यासारखी मुंबईची मुलगी जगभर बेस वाजवते, तिच्याकडे बघून मुली हे वाद्य हातात घेतायत. त्यांना स्टेजवर आणि रात्रीच्या प्रवासात सुरक्षित वाटेल याची जबाबदारी संचातल्या सगळ्यांची आहे.

शेवटी पैसे, कारण याविषयी बोलायला आपण उगाच लाजतो. "घरचाच कार्यक्रम आहे," "यंदा सांभाळून घ्या, पुढच्या वर्षी बघू," हे सगळ्यांनी ऐकलंय. तारीख घेतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: ठिकाण, पोचायची वेळ, कार्यक्रमाची वेळ, गाणी किती, तालमी किती, नाइट (एका कार्यक्रमाचं मानधन) किती, प्रवास आणि जेवण कोणाकडे, आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय. निम्मे आगाऊ. समोरचा मित्र असला तर आणखी नीट लिहा, मैत्री टिकते. तालमीचे पैसे वेगळे मागा. तुमचा तो दिवस जातो, आणि गाणी बसवायचे घरचे तास कोणी मोजतच नाही. गिटारवाल्याला जितकी नाइट तितकीच बेसला, यावर अडून बसा. आणि एखादा मित्र कमी पैशांत जायला निघाला तर त्याच्यावर चिडण्याआधी त्याला फोन करा, दर काय चाललाय ते सांगा. बऱ्याचदा त्याला माहीतच नसतं.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. या हंगामात एका कार्यक्रमाला बेस ठेवा, दुसऱ्याला ठेवू नका, आणि दोन्ही वेळा गायकाला विचारा की कुठे गाताना मोकळं वाटलं. त्याच्या उत्तरावर पुढच्या वर्षीचं बजेट ठरवा.