विग धुतल्यावर राठ का होतो? एका वाचक ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विग धुण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपल्या आईंसाठी केमोथेरपीच्या काळात घेतलेला नैसर्गिक केसांचा विग आपण लेखात सांगितल्याप्रमाणे कोमट पाणी, सौम्य शाम्पू आणि कंडिशनर वापरून धुतलात. तिसऱ्या धुण्यानंतर तो हाताला काथ्यासारखा लागू लागला आणि मानेजवळच्या केसांच्या तर जटाच झाल्या, असे आपण कळवले आहे. आपल्या आजी त्यांचे गंगावन रिठ्याच्या पाण्याने धूत, त्याला खोबरेल तेल लावत आणि ते वर्षानुवर्षे मऊ राहिले. तेव्हा साधी गोष्ट अवघड करून महागड्या बाटल्यांची भलामण करणारा हा लेख आहे, असा आपला आक्षेप आहे.

आक्षेपाचा एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो मान्य करताना मला वाईटही वाटते. त्या लेखात मी ‘नैसर्गिक केस’ असा एकच शब्द वापरून सर्व विगांना एका रांगेत बसवले. नैसर्गिक केसांच्या दोन विगांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, हे मला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते आणि तरीही मी ते लिहिले नाही. आजारपणात विग ही हौसेची वस्तू नसते. आरशात पाहण्याचे धैर्य तिच्यावर अवलंबून असते. माझ्या अपुऱ्या लेखनामुळे आपल्या आईंना मनस्ताप झाला असेल, तर मी त्यांची आणि आपली क्षमा मागते.

आता मूळ कारणाकडे येते. डोक्यावरच्या केसाला मुळाशी असलेल्या ग्रंथींतून सतत थोडे तेल मिळत असते. कापलेल्या केसाला ते कधीच मिळत नाही. म्हणजे विगमधील केसाचा मऊपणा ही शिल्लक आहे, तीत आपोआप भर पडत नाही. ही शिल्लक ज्या आवरणामुळे टिकते, ते आवरण म्हणजे केसावरचे सूक्ष्म खवले. माशाच्या किंवा कौलांच्या रचनेप्रमाणे ते मुळाकडून टोकाकडे एकावर एक बसलेले असतात. सगळे केस एकाच दिशेने लावलेले असतील तर खवले एकमेकांत अडकत नाहीत. काही केस उलटे लागले, तर प्रत्येक हालचालीबरोबर एकाचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत रुततात आणि गुंता होतो.

व्यापारात ज्यांना ‘रेमी’ म्हणतात ते दिशा राखलेले केस. तिरुमला येथे भाविक जे केस अर्पण करतात आणि देवस्थान ज्यांचा लिलाव करते, त्यांपैकी लांब केसांच्या जुड्या एका टोकाला बांधून ठेवल्या जातात, म्हणून त्यांची दिशा राखता येते. याउलट दारावर येऊन ‘केसांवर भांडी’ किंवा ‘केसांवर फुगे’ अशी हाळी देणारे जे केस नेतात, ते विंचरताना गळलेल्या केसांचे गुंतवळ असते. ते कर्नाटकातील कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जाते. तिथे बायका तासन्‌तास बसून तो गुंता हाताने सोडवतात. त्या कष्टांबद्दल मला फार आदर आहे, पण त्या केसांची मुळे कुठली आणि टोके कुठली हे ओळखणे अवघड झालेले असते. असे केस विगसाठी वापरायचे तर ते आम्लात बुडवून त्यांचे खवलेच उतरवून टाकतात, मग रंग देतात आणि वरून सिलिकॉनचा लेप चढवतात. दुकानात हातात घेतल्यावर असा विग अस्सल रेमी विगापेक्षाही रेशमी वाटतो. तीन-चार वेळा धुतल्यावर लेप उतरतो आणि खाली आवरण नसलेला, कोरडा, ओबडधोबड केस उघडा पडतो.

आपला विग नेमका तिसऱ्या धुण्याला बिघडला, हे वाचताच माझ्या मनात हीच शंका आली. मला चाईचा त्रास सुरू झाला तेव्हा घेतलेला माझा पहिला विग असाच होता. दुकानदाराने ‘एक नंबर रेमी’ म्हणून दिला आणि महिन्याभरात मानेजवळ त्याची अशी गाठ बसली की शेवटी कात्रीच लावावी लागली. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःच्या हाताला दोष देत राहिले. तो दोष आपण स्वतःला किंवा आईंना लावून घेऊ नये, एवढ्यासाठीच हे इतके सविस्तर लिहिते आहे.

शंका खरी की खोटी हे घरीच तपासता येते. आधी विगमधून एक केस काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. माणसाचा केस असेल तर ओळखीचा जळका वास येऊन त्याची चुरगळणारी राख होते. कृत्रिम धागा असेल तर तो वितळून त्याचा टणक मणी बनतो. केस खरा ठरला, तर धुऊन वाळवलेली एक बट दोन बोटांत धरून आधी मुळाकडून टोकाकडे आणि मग उलट बोटे फिरवावीत. खवले शाबूत असतील तर उलट दिशेने बोट अडखळते. दोन्हीकडून सारखेच लागले, तर खवले बहुधा गेलेले आहेत असे समजावे.

आता आपल्या आजींच्या गंगावनाबद्दल. आजींची पद्धत चुकीची होती असे मी लेखात म्हटले नव्हते आणि आजही म्हणणार नाही. उलट त्या काय करत होत्या हे नीट पाहिले, तर विग राखण्याचे निम्मे शास्त्र त्यातच सापडते. गंगावनाचे केस एका टोकाला दोऱ्याने घट्ट बांधलेले असतात आणि ते वेणीत किंवा अंबाड्यात गुंफलेलेच वावरते. म्हणजे केस मोकळे सुटून एकमेकांवर घासण्याची संधीच त्यांना मिळत नाही. घरातल्याच कुणाच्या लांब केसांचे ते केलेले असेल, तर त्यांवर आम्लाचा किंवा रंगाचा प्रयोगही झालेला नसतो. शिवाय ते रोज वापरले जात नसे. सणवार किंवा लग्नकार्य झाले की ते पुन्हा फडक्यात गुंडाळून पेटीत जाई. आपल्या आईंचा विग मात्र रोज सात-आठ तास डोक्यावर आहे, त्याचे केस मोकळे आहेत, आणि मानेजवळचे केस घाम व पदर यांच्यामध्ये दिवसभर घासले जात आहेत. जटा तिथेच झाल्या यात नवल नाही.

रिठ्याचेही तसेच आहे. आंघोळीचा साबण अल्कधर्मी असतो. त्याने केस फुगतो, खवले उचलले जातात आणि बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमबरोबर त्याची चिकट साय होऊन ती केसांवर बसते. रिठ्यातील फेस करणारा घटक साबण नव्हे. तो जड पाण्यात अशी साय धरत नाही आणि त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते, जे केसाला मानवते. म्हणून रिठ्याचे पातळ पाणी आपण विगसाठी खुशाल वापरावे, फक्त ते सुती कापडातून दोनदा गाळून घ्यावे. शिकेकाईची पूड मात्र थेट लावू नये, कारण तिचे कण ज्या जाळीवर विगचे केस बसवलेले असतात तिच्यात आणि केसांच्या गाठींत अडकून राहतात आणि वाळल्यावर तेच कण केसांना घासतात. रिठा दाट झाला तर उरलासुरला ओलावाही खेचून घेतो, हेही ध्यानात असू द्यावे.

खोबरेल तेलाच्या बाबतीत तर आजींच्या बाजूने पुरावाच आहे. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुताना केसांतून प्रथिने निघून जातात. ती झीज फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाली, कारण त्याचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात. तेव्हा धुण्याआधी तासभर, हाताला चोळून जेमतेम लागेल एवढेच खोबरेल केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावावे. जाळीला मात्र तेल लागू देऊ नये. गंगावनात दोरा असतो, विगच्या जाळीत एकेक केस सुईने गाठ मारून बसवलेला असतो. त्या गाठी तेलाने आणि कंडिशनरनेही निसटू लागतात, आणि विग चिकटपट्टीने बसवत असाल तर तीही सुटते. थंडीत घट्ट झालेले तेल आधी पूर्ण वितळवून घ्यावे, नाहीतर त्याचे पांढरे कण बटांत राहतात.

महागड्या बाटल्यांविषयी एवढेच सांगते की माझ्या लेखाला कोणत्याही कंपनीचा पैसा लागलेला नाही, आणि वाण्याकडे मिळणारी कंडिशनरची पुडी या कामाला पुरेशी आहे. कंडिशनर मी सुचवते ते सुगंधासाठी नव्हे. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधील घटकांवर धन भार असतो, म्हणून जिथे केस सर्वांत जास्त झिजला आहे नेमके तिथेच ते घटक जाऊन चिकटतात. खवले उतरलेल्या केसाला गुळगुळीतपणा देण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा मला सापडलेला नाही.

माझ्या लेखात राहून गेलेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पाणी. आपल्याकडे बोअरचे पाणी आहे असे आपण लिहिले आहे. दख्खनच्या पठारावर विंधन विहिरींचे पाणी बहुधा जडच असते. वाळल्यावर त्यातील क्षारांचा थर केसांवर राहतो आणि कंडिशनर लावूनही हात फिरवल्यावर खरखर लागते. शाम्पू निघून गेल्यावर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर घालून ते केसांवरून ओतावे, मिनिटभर थांबावे, मग कंडिशनर लावून पाच मिनिटांनी धुवावे आणि शेवटचे पाणी पिण्याच्या फिल्टरचे घ्यावे. माझ्या घरी या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा कोणत्याही सीरमने पडला नाही.

बाकी कृतीत हाताची शिस्त महत्त्वाची. ओला केस जाडीला सुमारे १५ टक्के फुगतो, त्याचे खवले उचललेले असतात आणि तो सहज ताणला जाऊन तुटतो. म्हणून गुंता नेहमी धुण्याआधी, कोरडा असताना, टोकांपासून सुरुवात करून वर जात सोडवावा. शाम्पू मगभर पाण्यात कालवून वरून खाली ओतावा, कपड्यांसारखे चोळू नये आणि पिळू तर मुळीच नये. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात घालून नुसते दाबून पाणी टिपावे. उपड्या तांब्यावर पंचा गुंडाळून त्यावर विग सावलीत, पंख्याखाली वाळू द्यावा. अर्धवट ओला असताना रुंद दातांच्या कंगव्याने एकदाच हलके विंचरावे. (कृत्रिम धाग्याच्या विगला हे सर्व लागू नाही: त्याला थंड पाणी वापरावे, तेल लावू नये, ओला असताना विंचरू नये आणि गरम हवा लागू देऊ नये, कारण उष्णतेने धाग्याची टोके कायमची आक्रसतात.)

आता आपल्या हातातल्या विगचे काय करावे? खवले गेलेले असतील तर ते परत येत नाहीत, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. आपण फक्त लेप पुन्हा पुन्हा चढवू शकतो. मानेजवळच्या जटांना लगेच कात्री लावू नये. विग कोरडा असतानाच त्या जागी भरपूर कंडिशनर चोपडावा, अर्धा तास थांबावे, मग बोटांनी, आणि बोटे थकली तर विणकामाच्या सुईने, जटेच्या खालच्या टोकापासून चार-चार केस मोकळे करत जावे. हे काम दोन बैठकांत केले तरी चालेल. त्यानंतर वरच्या रीतीने धुऊन, वाळल्यावर टोकांना सिलिकॉनच्या सीरमचा एक थेंब लावावा. तरीही मानेजवळची टोके खरखरीत राहिली, तर ती दोन सेंटीमीटर कापून घ्यावीत. पुढे आईंनी आत सुती टोपी घालावी, म्हणजे घाम जाळीपर्यंत कमी पोचेल आणि दहा-बारा वेळा वापरल्यावर एकदा धुणे पुरेल. घरात असताना केसांची सैल वेणी घालावी आणि झोपताना विग काढूनच ठेवावा.

मूळ लेखातील ‘नैसर्गिक केसांचा विग’ हा परिच्छेद मी आज बदलला असून जाळून पाहण्याची कसोटी, जड पाणी आणि रिठा यांविषयी तिथे भर घातली आहे. बटेची तपासणी करून झाल्यावर बोट उलट दिशेने अडखळले की नाही तेवढे अवश्य कळवावे. खवले शाबूत निघाले, तर दोष बहुधा पाण्याचा आहे आणि तो विग पूर्ववत होण्याची आशा आहे. आईंना माझा नमस्कार सांगावा.