कायदा असू द्या, पावती नको

पुण्यात हेल्मेटसक्तीची चर्चा सुरू झाली की अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवरही तिचे पडसाद उमटतात. येथील मोटार उद्योगात काम करणारे बरेच जण पुण्यात शिकून, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत उमेदवारी करून आलेले आहेत आणि त्यांचे नातेवाईक आजही दुचाकीवरूनच हिंडतात. नोव्हेंबर 2024 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी चालकाबरोबरच मागे बसणाऱ्यावरही हेल्मेट नसल्यास कारवाई करण्याचे आदेश काढले, तेव्हा या गटांवर एक युक्तिवाद हटकून पुढे आला: मिशिगनमध्ये सज्ञान माणसाला हेल्मेट घालायचे की नाही हे स्वतः ठरवता येते, मग पुणेकरांवरच ही जबरदस्ती कशासाठी? यातली मिशिगनविषयीची माहिती बरोबर आहे, मात्र ती अर्धवट आहे आणि राहिलेला भागच पुण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

मिशिगनमधला हा वाद जुना आहे. 1966 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने रस्ते-निधीचा धाक दाखवून राज्यांना हेल्मेटचे कायदे करायला लावले. परंतु 1968 मध्ये मिशिगनच्याच अपील न्यायालयाने येथील कायदा रद्द ठरवला. माणसाला केवळ त्याच्या स्वतःच्या बचावासाठी सक्ती करण्याचा अधिकार राज्याला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. पुढच्याच वर्षी कायदा नव्याने आला आणि चार दशकांहून अधिक काळ टिकला. दरम्यान 1972 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका खटल्यात न्यायालयाने उलट बाजू मांडली होती: अपघातग्रस्ताला रस्त्यावरून उचलणारा, रुग्णालयात नेणारा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याला पोसणारा समाजच असतो, तेव्हा इजा एकट्या चालकाची आहे असे मानता येत नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर पुण्यातल्या चौकाचौकांत होणारी बहुतेक सगळी वादावादी त्यांत अगोदरच झालेली दिसते.

मोटारसायकलस्वारांच्या संघटनांनी मात्र चिकाटी सोडली नाही. त्या दरवर्षी लान्सिंगला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, धडका मारत राहिल्या, आमदारांना भेटत राहिल्या. कायदा सैल करणारी विधेयके मंजूर झाली, पण गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम यांनी ती नकाराधिकार वापरून परत पाठवली. अखेर एप्रिल 2012 मध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी सही केली आणि सज्ञानांना मुभा मिळाली. ही मुभा सरसकट नाही. वय किमान 21 वर्षे असावे लागते. मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळून किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात किंवा सुरक्षित चालनाचा अभ्यासक्रम उत्तीर्ण करावा लागतो. आणि स्वतःच्या वैद्यकीय खर्चापुरता किमान 20 हजार डॉलरचा विमा काढावा लागतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट नको असेल, तर त्याचेही वय 21 आणि त्याच्यासाठीही वेगळा विमा.

आमच्या गल्लीत मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांची भलीमोठी गाडी हिवाळाभर गॅरेजमध्ये आच्छादनाखाली, बॅटरीला चार्जर लावून उभी असते आणि बर्फ पूर्ण ओसरल्यावर रविवारी बाहेर निघते. ते डोक्याला रुमाल बांधून निघतात. मागे बसणाऱ्या त्यांच्या पत्नी मात्र पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घालतात. नवऱ्याने त्यांना कधी आग्रह केला नाही, त्यांनीही नवऱ्याला टोकले नाही. निवडीचे स्वातंत्र्य म्हणतात ते या गॅरेजच्या दारात मला खरोखर दिसते आणि मी त्याची टिंगल करणार नाही.

त्याची किंमतही लपून राहिलेली नाही. सवलत आल्यावर अपघातात सापडलेल्या स्वारांमधले हेल्मेटचे प्रमाण सुमारे 93 टक्क्यांवरून 71 टक्क्यांवर आले आणि डोक्याच्या दुखापती 14 टक्क्यांनी वाढल्या, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. त्याच अभ्यासात मृत्यूंच्या एकूण प्रमाणात मोठा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवे, कारण सक्तीचे समर्थक हा भाग सहसा गाळतात. मेंदूला गंभीर मार लागल्यावर 20 हजार डॉलर अतिदक्षता विभागातल्या पहिल्या काही दिवसांतच संपतात, तो मुद्दा आणखी निराळा.

आता पुण्याकडे पाहू. 2016 मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी घोषणा केली आणि विरोध होताच ती काही दिवसांत पातळ झाली. 1 जानेवारी 2019 पासून पोलिसांनी पुण्यात कडक कारवाई सुरू केली, तेव्हा पगड्या घालून मोर्चे निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, शहरातली ही कारवाई थांबवण्याची सूचना मुख्यमंत्र्यांकडून पोलिसांना गेली. यांत कायदा बदला अशी मागणी कोणी नेटाने लावून धरल्याचे मला आठवत नाही. वास्तविक मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये 2019च्या दुरुस्तीपूर्वी राज्य सरकारला नियम करून अपवाद ठरवण्याची मुभा होती. शहराच्या हद्दीत, अमुक वयावरील, अमुक विमा असलेल्या चालकाला सूट द्या, असा मसुदा घेऊन मुंबईला जाता आले असते. तसा मसुदा लिहायचा म्हणजे त्याखाली आमदारांनी आणि मंत्र्यांनी सही करायची, आणि उद्या कोणी दगावले तर त्या सहीचे उत्तर द्यायचे. त्यापेक्षा कायदा जागेवर असू द्या, फक्त पावती फाडू नका, हे सगळ्यांनाच सोयीचे पडले. मिशिगनच्या स्वारांनी नियम बदलून घेतला. आपण तो पाळायचा नाही यावर एकमत करून घेतले. अमेरिकेचा दाखला देणाऱ्या माझ्या मित्रांशी माझे भांडण आहे ते नेमके येथे.

पुणेकरांच्या सगळ्याच तक्रारी मी धुडकावत नाही. खड्डे बुजवायचे नाहीत, भरधाव टँकरना अडवायचे नाही आणि वळणाच्या आड दबा धरून नोकरदाराला पकडायचे, याने पोलिसांचा हेतू सुरक्षेचा आहे यावर विश्वास बसत नाही. येथील मोटारसायकल बव्हंशी हौसेची असते, तर तेथे स्कूटर म्हणजे घराचे पाय आहेत. भाजीला, शिकवणीला, बँकेत, सगळीकडे तीच, आणि प्रत्येक ठिकाणी हेल्मेट सांभाळत बसणे हा खरोखरच वैताग असतो. उकाड्याच्या सबबीवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. एप्रिलच्या उन्हात डोळे तेवढे उघडे ठेवून चेहऱ्याला स्कार्फचे वेढे, हातांत कोपरापर्यंत मोजे आणि वर गॉगल, असा जामानिमा करणाऱ्या शहराला हेल्मेटनेच तेवढे गुदमरते, हे पटायला जड जाते.

माझ्या मते या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते मागे बसणाऱ्यांविषयी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातांत मरण पावले. त्यांपैकी 35,692 चालक होते आणि 14,337 मागे बसलेले. हे चौदा हजार म्हणजे कोणाची बायको, कोणाची आई, कॉलेजला सोडायला नेलेली मुलगी. घरात हेल्मेट असलेच तर बहुधा एकच असते आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर किंवा कोपरावर लटकलेले असते. या माणसांनी वैयक्तिक निवड केली, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. गंमत म्हणजे 2024च्या आदेशावर सर्वांत मोठा गदारोळ झाला तो याच मागे बसणाऱ्यांच्या हेल्मेटवरून.

म्हणून सज्ञान चालकाच्या निवडीला तत्त्व म्हणून माझी मान्यता असली, तरी आजच्या पुण्यात तिच्या नावाने मागितली जाणारी सूट मला मान्य नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांनी आता केंद्राकडे लेखी मागणी करावी, कारण 2019च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या हाती फारसे काही उरलेले नाही. आणि त्या मागणीत उपचारांच्या विम्याची अट, चालनाच्या खऱ्या परीक्षेची अट आणि मागे बसणाऱ्याला या सवलतीतून वगळण्याची अट स्वतःहून घालावी. पोलिसांनीही कोपऱ्यावर दबा धरण्याऐवजी विक्रीच्या जागेपासून सुरुवात करावी. नव्या दुचाकीबरोबर ग्राहकाला प्रमाणित हेल्मेट देण्याचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत कित्येक वर्षांपासून आहे. शोरूममधून बाहेर पडणाऱ्या किती गाड्यांबरोबर ते खरोखर दिले जाते, ही तपासणी उन्हात उभे न राहता आणि कोणाची पावती न फाडताही करता येईल.