सॉकेटमध्ये पेन्सिल घाला म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘दहावीसाठी रामबाण विज्ञान’ नावाचा फॉरवर्ड भाचीच्या क्लासच्या ग्रुपवर आला आणि तिने तो वहीत उतरवूनही घेतला. त्यात म्हटलंय: कार्बनी संयुगांत सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणारे) बंध असतात म्हणून त्यांतून वीज कधीच वाहत नाही, ग्रॅफाइट अपवाद, कारण त्यात आयनिक बंध, व्हिनेगर सेंद्रिय, म्हणून दुर्वाहक, प्लास्टिक तर दुर्वाहकच. आणि सॉकेटमध्ये पिन तुटून अडकली तर पेन्सिलीने काढा, लाकूड आणि कार्बन दोन्ही सुरक्षित!

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. पेन्सिलीचं शिस म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. ग्रॅफाइट वाहक आहे हे हाच फॉरवर्ड वर सांगतो आणि खाली तेच मुलांच्या हातात देतो. ओल्या हाताच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. त्यापुढे शिसाचा रोध किरकोळ. २३० व्होल्टला हिशेब करा: अंगातून २०० मिलिअॅम्पिअरच्या वर वीज. घरातला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, ३० मिलिअॅम्पिअरला पडतो, तो उगाच नाही. बरं, ‘मी लाकूडच धरीन’ म्हणाल, तर दोन्हीकडून तासलेली पेन्सिल कुठल्या पोराच्या दप्तरात नसते? आणि लाकूड दमट असलं तर त्याचाही भरवसा नाही. मेन बंद करा, वायरमनला बोलवा.

ग्रॅफाइटमध्ये आयनिक बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेला? कुठून आणला? हिरा आणि ग्रॅफाइट, दोन्हींत अणू सहसंयुज बंधांनीच जोडलेले. हिऱ्यात कार्बनचे चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकतात. ग्रॅफाइटमध्ये तिघे अडकतात, चौथा थरभर मोकळा फिरतो. वीज तोच नेतो.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. रॉकेल, साखर, मेण, अल्कोहोल यांतून वीज जात नाही आणि परीक्षेत ‘बहुतेक कार्बनी संयुगे दुर्वाहक’ लिहिलं तर गुण मिळतात. गोची ‘कधीच’ची आहे.

प्लास्टिकचं उत्तर तर नोबेलनेच दिलंय. पॉलिअॅसिटिलीन नावाच्या प्लास्टिकच्या साखळीत एकेरी-दुहेरी बंध आलटूनपालटून येतात. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी १९७७ मध्ये त्याला आयोडीनची वाफ दिली आणि वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, तेच मुळी वाहक बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) शोधासाठी आणि विकासासाठी.

व्हिनेगरमधल्या अॅसिटिक आम्लाचं पाण्यात थोडं आयनीभवन होतं, म्हणजे विद्युतभार असलेले कण सुटे होतात, म्हणून तेही वीज वाहून नेतं, कमी का होईना.