जुनी गाडी गेली म्हणून हळहळण्याआधी, तिच्या जागी काय आलं ते विचारा

मार्च उजाडला की माझ्या फीडवर जपानी रेल्वेचे निरोपाचे फोटो सुरू होतात. तिकडे रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी मार्चच्या मध्याला बदलतं आणि जुन्या गाड्या सेवेतून जातात त्या बहुधा तेव्हाच. फलाटावर कॅमेऱ्यांची दाटी, गाडीच्या तोंडावर 'आरिगातो', म्हणजे 'धन्यवाद', लिहिलेली पाटी, कमरेत वाकून निरोप देणारे कर्मचारी, आणि फोटोखाली सगळ्यांचं एकच म्हणणं: एक युग संपलं. मार्च 2025 मध्ये जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावर जेआरच्या (जुन्या सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन झालेल्या कंपन्या) मार्गांवर किहा-40 या डिझेल गाड्यांच्या नेहमीच्या फेऱ्या थांबल्या, तेव्हाही हेच झालं. मला स्वतःला ती गाडी मनापासून आवडते. तरीही या हळहळीबद्दल माझं काही म्हणणं आहे आणि ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

किहा-40 म्हणजे काही देखणी किंवा वेगवान गाडी नव्हे. जपानची सरकारी रेल्वे एकसंध होती त्या काळात, 1977 ते 1982 या वर्षांत, या कुळातले 888 डबे बांधले गेले. डोंगरात, समुद्राच्या कडेनं, बर्फाच्या मुलखात, जिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या तिथे शाळेतल्या मुलांना आणि दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना न्यायचं-आणायचं एवढंच तिचं काम. तिच्या मूळच्या शेंदरी रंगामुळे चाहते तिला 'ताराको' म्हणतात. ताराको म्हणजे मिठात मुरवलेली माशाची गाबोळी.

होक्काइदोतल्या डब्यांना दुहेरी काचा असायच्या, आणि बाहेरचं दार उघडलं तरी गारठा थेट आत येऊ नये म्हणून बसायच्या जागेच्या आधी आणखी एक दार. उन्हाळ्यात एसी नाही, छताला पंखे. समोरासमोर बाकं, मध्ये खिडकीखाली छोटीशी फळी. डबा एकच असला तर गार्ड नसतोच. तुम्ही मागच्या दारानं चढता, यंत्रातून नंबराची चिठ्ठी घेता, पुढे चालकाच्या डोक्यावरच्या फलकात तुमच्या नंबराखाली भाडं वाढत जातं आणि उतरताना पुढच्या दाराशी पेटीत पैसे टाकता. मूळ इंजिन 220 अश्वशक्तीचं आणि वजन 37 टनांच्या आसपास, त्यामुळे चढ लागला की तिचा आवाज वाढायचा आणि वेग मात्र वाढायचा नाही. होक्काइदोत राहत असताना मी हा आवाज ऐकण्यासाठी काम नसतानाही प्रवास केलेला आहे. तेव्हा हे लिहिणाऱ्याला जुन्या गाडीचं प्रेम नाही, असं कृपा करून कोणी समजू नये.

तिच्या जागी आली ती एच-100. मार्च 2020 पासून ही गाडी धावते आहे. तिच्यात डिझेल इंजिन थेट चाकं फिरवत नाही. ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर मोटर चालते. गिअर आणि लांब दांड्याचं जुनं जंजाळच गेल्यामुळे बिघडणाऱ्या, निखळणाऱ्या भागांची संख्या कमी झाली. इंजिन 450 अश्वशक्तीचं. एसी आहे, चाकाच्या खुर्चीसह आत जाता येईल असं स्वच्छतागृह आहे. चाहत्यांना ती बेचव वाटते, आणि फोटोत ती खरोखरच ठोकळ्यासारखी दिसते. पण रोज सकाळी साडेसहाला बर्फात उभं राहून गाडीची वाट पाहणाऱ्या मुलीला विचारा. तिला चढावर दमणारी आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून कारशेडमध्येच पडून राहणारी गाडी हवी आहे, की वेळेवर येणारी? आपल्याला सुट्टीत एकदा बसायला मिळणारी गाडी आणि तिला वर्षभर जिच्यावर अवलंबून राहायचं ती गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं म्हणणं एवढंच, की जुन्या गाडीची निवृत्ती दोन तऱ्हेची असते आणि आपण दोन्हींवर सारखेच अश्रू ढाळतो. एकीत जुना डबा जातो आणि नवा येतो. तिथे कोणीतरी पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा हिशोब मांडून पैसे ओतलेले असतात. दुसरीत डबा जातो आणि त्याच्यामागून रूळही जातात.

दुसऱ्या तऱ्हेची उदाहरणं होक्काइदोत भरपूर आहेत. युबारी हे कोळशाच्या खाणींचं गाव. 1960 च्या सुमारास तिथे एक लाखावर वस्ती होती. खाणी बंद पडल्या, नगरपालिका कर्जात बुडाली, आज वस्ती सात हजारांच्याही खाली आहे. 2016 मध्ये तिथले तरुण महापौर नाओमिची सुझुकी यांनी स्वतः होऊन रेल्वेला सांगितलं, की आमचा फाटा बंद करा, पण त्याच्या बदल्यात गावाच्या वाहतुकीसाठी मदत द्या. रेल्वेनं 75 कोटी येन दिले, बसच्या फेऱ्या गाडीपेक्षा जास्त झाल्या आणि 31 मार्च 2019 ला तो 16.1 किलोमीटरचा फाटा संपला. शेवटच्या दिवशी तिथे किहा-40 ला निरोप द्यायला मोठी गर्दी लोटली. सुझुकी पुढे होक्काइदोचे राज्यपाल झाले. त्यांचा निर्णय बरोबर की चूक यावर अजून वाद होतो. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण गाडी रिकामी धावते हे त्यांनी लपवलं नाही आणि त्याची किंमत वसूल करून घेतली. बाकी बऱ्याच गावांना तेवढंही जमलं नाही. हिदाका मार्गाचं तसंच झालं. जानेवारी 2015 मध्ये समुद्राच्या लाटांनी तिथला भराव खचला, दुरुस्ती झालीच नाही आणि 2021 मध्ये 116 किलोमीटरचा मार्ग कागदोपत्री बंद झाला. तिथे निरोपाची गाडी सोडायलाही रूळ धड नव्हते.

आणि सास्शो मार्गावरचं शिन-तोत्सुकावा. त्या स्टेशनात शेवटची काही वर्षं दिवसाला एकच गाडी यायची आणि सकाळी दहाला परत निघायची. म्हणजे दिवसातली पहिली गाडी तीच आणि शेवटचीही तीच. मे 2020 मध्ये मार्गाचा तो शेवटचा तुकडा बंद व्हायचा होता. गावानं निरोपाची तयारी केली होती. पण करोनामुळे आणीबाणी देशभर लागू झाली, गर्दी नको म्हणून शेवटचा दिवस आणखी आणखी अलीकडे ओढला गेला, आणि आदल्या दिवशी जाहीर करून 17 एप्रिल 2020 ला शेवटची गाडी सोडली. त्या दिवशी बाहेरगावचे चाहते पोचू शकले नाहीत. आसपासची माणसं तेवढी आली. मला वाटतं, त्या गाडीला खरा निरोप मिळाला असेल तर तो त्यांचाच.

याच्या मुळाशी काय आहे तेही सांगायला हवं, नाहीतर ही नुसती रडगाथा होईल. 1987 मध्ये सरकारी रेल्वेचे तुकडे झाले तेव्हा होक्काइदोच्या वाट्याला आलेले मार्ग नफ्यात येणार नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून तिथल्या जेआर कंपनीला 682 अब्ज येनचा निधी दिला गेला: याच्या व्याजावर तोटा भरून काढा. पुढे जपानमध्ये व्याजदर कोसळले आणि तो सगळा हिशोबच मोडला. 2016 मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की 1,237 किलोमीटरचे मार्ग, म्हणजे तिच्या जाळ्याचा जवळजवळ निम्मा भाग, आम्हाला एकट्यानं सांभाळणं शक्य नाही. गाडी म्हातारी झाली म्हणून मार्ग मेला असं कुठेच झालेलं नाही. मार्गाकडे पैसा आणि माणसं उरली नाहीत, म्हणून म्हातारी गाडी बदललीच गेली नाही.

इथे एका फॉरवर्डबद्दल बोलतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो वाचला असेल: जपानमध्ये एका शाळकरी मुलीसाठी रेल्वेनं अख्खं स्टेशन चालू ठेवलं आणि ती पदवीधर झाल्यावर बंद केलं. 2016 च्या जानेवारीत तो जगभर फिरला, मराठीत अजून फिरतो. स्टेशन खरं होतं: होक्काइदोच्या सेकिहोकु मार्गावरचं क्यू-शिराताकी. तिथेही किहा-40 धावायच्या. मुलगीही खरी होती. पण रेल्वेनं तिच्यासाठी गाडी सोडलेली नव्हती. त्याच गाडीत दुसऱ्या गावांची मुलंही असायची. स्टेशन बंद झालं ते प्रवासी नाहीत म्हणून, आणि मार्चमध्ये झालं कारण वेळापत्रक मार्चमध्ये बदलतं. जपानमध्ये शाळेचं वर्षही मार्चलाच संपतं. मला हा फॉरवर्ड खटकतो, कारण तो एका गरीब मार्गाच्या अंताला कंपनीच्या मोठ्या मनाची गोष्ट बनवतो. ती वाचून आपले डोळे पाणावतात, आणि त्या मार्गावरच्या पुढच्या गावातल्या मुलांचं काय, हे कोणी विचारत नाही.

खासगी छोट्या रेल्वेंची कथा वेगळी आणि माझ्या मते जास्त कौतुकाची. टोक्योच्या पूर्वेला समुद्राकाठी चोशी नावाचं शहर आहे. तिथली चोशी विद्युत रेल्वे फक्त 6.4 किलोमीटरची. 2006 मध्ये तिच्याकडे गाडीच्या दुरुस्तीलाही पैसे नव्हते. कंपनी नुरे-सेम्बेई विकते, म्हणजे सोयासॉसमध्ये भिजवलेल्या तांदळाच्या मऊ चकत्या. तेव्हा कर्मचाऱ्यांनी वेबसाइटवर सरळ लिहिलं: आमचे सेम्बेई विकत घ्या, आम्हाला गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मिळवायचे आहेत. देशभरातून मागणी आली आणि रेल्वे वाचली. आजही तिकिटांपेक्षा खाऊवर तिची कमाई जास्त होते. मार्च 2024 मध्ये तिथे 'नवी' गाडी आली ती ओसाकाकडच्या नानकाई रेल्वेनं वापरून सोडलेली, 1969 च्या आसपास बांधलेली. ज्या गाड्यांची जागा ती घेते आहे त्याही टोक्योच्या केइओ रेल्वेनं सोडलेल्या आणि मधल्या काळात मात्सुयामाला धावून आलेल्या.

जपानच्या बहुतेक छोट्या विद्युत रेल्वे अशाच चालतात. महानगरानं टाकलेला डबा त्या घेतात, रंगवतात आणि आणखी वीस-तीस वर्षं वापरतात. आता हा झराच आटत चालला आहे. छोट्या मार्गांचे फलाट, वळणं आणि पूल 18 मीटर लांबीच्या डब्यांसाठी आहेत, आणि मोठ्या शहरांत 20 मीटरचे, बाजूला चार दारांचे डबे रुळले आहेत. टोक्यो मेट्रोच्या हिबिया मार्गावर 18 मीटरचे डबे होते. 2017 पासून तिथेही 20 मीटरचे आले. तिथून सुटलेल्या जुन्या डब्यांसाठी कुमामोतो, नागानो आणि कानाझावाच्या छोट्या कंपन्या पुढे आल्या. असा पुरवठा पुन्हा कधी होईल याची खात्री नाही. टोक्योचे लांबलचक रेक इंडोनेशियातल्या जाकार्तालाच जास्त सोयीचे पडले. टोक्योकडच्या जेआर ईस्ट कंपनीनं 205 मालिकेचे 812 डबे तिकडे पाठवले.

मग प्रश्न येतो, की नवा डबा आला म्हणजे मार्ग वाचला का? इथे माझ्याच म्हणण्याला सगळ्यात मोठा धक्का बसतो आणि तो मी टाळणार नाही. एच-100 पहिल्यांदा जिथे धावली तो होक्काइदोचा ओतारू ते ओशामाम्बे हा डोंगरातला 140 किलोमीटरचा मार्ग. नवीकोरी गाडी आली. आणि दोनच वर्षांत, 2022 मध्ये, तोच मार्ग बंद करायचं ठरलं. कारण काय? शिनकानसेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, होक्काइदोची राजधानी साप्पोरोपर्यंत जाणार आहे. जपानमध्ये नवी शिनकानसेन सुरू झाली की तिला समांतर असलेला जुना मार्ग जेआर सोडून देऊ शकते. मग तो प्रांतांनी आणि गावांनी मिळून चालवायचा, नाहीतर बस. 1997 मध्ये नागानोची शिनकानसेन सुरू झाली तेव्हा योकोकावा-कारुइझावा हा घाटाचा तुकडा असाच तोडला गेला.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या निमित्तानं आपल्याकडे 'जपानमध्ये बघा' हे वाक्य दोन्ही बाजूंनी फेकलं जातं. आपल्याकडे जुना मार्ग आणि रेल्वेची मालकी यांची व्यवस्था वेगळी आहे, त्यामुळे तिकडचं इकडे जसंच्या तसं लागू होत नाही. पण 'जपानमध्ये बघा' म्हणणाऱ्यांनी ओतारूही बघावं एवढी माझी विनंती आहे. शिनकानसेनचं उद्घाटन 2030 वरून पुढे ढकललं गेलं आहे. बसनं जागा घ्यायची ठरली खरी, पण बस कंपन्यांकडे चालकच नाहीत, आणि चर्चा तिथे अडकली आहे. म्हणजे गाडी नवी, रूळ जागेवर, सकाळच्या फेऱ्यांना प्रवासी आहेत, आणि तरी मार्ग बंद करायच्या यादीत. ओतारू-योइची या तुकड्यावर तर दिवसाला दोन हजारांहून जास्त माणसं प्रवास करायची. हा निर्णय मला चुकीचा वाटतो आणि तो फिरवायला अजून वेळ आहे.

हिरोशिमाकडच्या गेइबी मार्गाबद्दल एवढंच सांगतो, की तोजो ते बिंगो-ओचिआइ या तुकड्यावर 100 येन मिळवायला 25 हजारांहून जास्त येन खर्च होत होते. दिवसाला तीन फेऱ्या. रेल्वे, प्रांत आणि केंद्र सरकार यांनी एकत्र बसून मार्गाचं भवितव्य ठरवायची नव्या कायद्याखालची देशातली पहिली समिती जानेवारी 2024 मध्ये याच मार्गासाठी स्थापन झाली. तिथे रेल्वे वाचवाच असा आग्रह मी धरणार नाही. ओतारूला धरेन. प्रत्येक मार्गाचा हिशोब वेगळा आहे, आणि तो तिथे रोज चढणाऱ्या माणसांपासून सुरू व्हायला हवा.

जपानला जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, किहा-40 अजून बघायला मिळते. हाकोदातेजवळ गोर्योकाकु ते किकोनाइ या दोनान इसारिबी रेल्वेवर ती धावते, समुद्राच्या कडेनं. जरूर बसा. पण त्याच सहलीत ओतारूहून एच-100 नं निसेकोकडेही जा, आणि पर्यटकांचा रेल्वे पास न दाखवता पूर्ण भाड्याचं तिकीट काढून जा. वेळापत्रक विरळ आहे, एक गाडी चुकली की काही तास जातात. कोणाला हवं असेल तर कमेंटमध्ये तारीख आणि मुक्कामाचं ठिकाण लिहा, मी गाड्या जुळवून देतो.