लॉनवर दोन इंच काळी माती आणि खडे मीठ? कृपा करून हे करू नका

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय: घरचं लॉन क्रिकेटच्या मैदानासारखं कसं करायचं, तेही माळ्याशिवाय. सल्ला थोडक्यात असा. दिवाळीनंतर थंडी पडली की लॉनवर दोन इंच काळी माती पसरा. खड्डे एकदाच तोंडापर्यंत भरा. वरून नदीची वाळू मारा. दर महिन्याला शंभर चौरस फुटांना दोन किलो खडे मीठ फेका, म्हणजे तण मरतं; जास्तीचं मीठ पावसाळ्यात धुऊन जातं. मग रोलर फिरवा आणि पुढची दोन वर्षं खत घालू नका.

हा मजकूर नाशिकच्या इंदिरानगरला माझ्या मामांपर्यंत पोहोचला. मामा निवृत्त झालेत. बंगल्यापुढची पाचशे फुटांची हरळी त्यांनी आणि मामींनी स्वतः लावली, उन्हाळ्यात बादलीने पाणी घालून जगवली. मला कळेपर्यंत एका कोपऱ्यात मीठ पडलं होतं आणि मातीची ट्रॉली सांगून झाली होती. "अगं, सगळे टाकतायत," असं मामा म्हणाले. या "सगळे"चाच मला राग आहे. पाठवणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःच्या अंगणात हे करून पाहिलेलं नाही.

मिठापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका एका हंगामात निस्तरता येतात. मिठाची चूक वर्षानुवर्षं जमिनीत राहते.

आधी हिशेब करा. महिन्याला शंभर फुटांना दोन किलो, म्हणजे मामांच्या लॉनवर वर्षाला १२० किलो मीठ. मिठात वजनाने सुमारे ३९ टक्के सोडियम असतं. म्हणजे ४७ किलोच्या आसपास सोडियम एका छोट्या अंगणात. आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. तिचे बारीक कण एकमेकांना धरून रवाळ राहतात ते मुख्यतः कॅल्शियममुळे. त्या कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात आणि मातीतली छिद्रं बुजवून टाकतात. पाणी वर साचतं, मुळांना हवा मिळत नाही, आणि वाळल्यावर माती वर टणक थर धरते. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. निफाडकडच्या कुठल्याही जुन्या बागायतदाराला विचारा, चोपण जमीन सुधारायला किती जिप्सम (जमिनीला कॅल्शियम देणारं खनिज) आणि किती वर्षं लागतात ते. ज्या गोष्टीतून जमीन सोडवायला शेतकरी पैसे मोजतो, तीच आपण हाताने फेकायची?

"पावसाळ्यात धुऊन जातं" हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य आहे, कारण ते ऐकायला पटतं. पावसाने मीठ विरघळतं हे खरं. पण सोडियम तोवर चिकणमातीच्या कणांना चिकटलेलं असतं. पाणी सुटे क्षार खाली घेऊन जातं आणि चिकटलेलं सोडियम मागे उरतं. पाण्यात क्षार भरपूर असेपर्यंत कण एकमेकांजवळ राहतात. पावसाच्या जवळजवळ क्षाररहित पाण्याने ते क्षार निघून गेले की कण सुटे होतात. म्हणजे ज्या पावसाच्या भरवशावर मीठ टाकायला सांगितलंय, त्याच पावसात नुकसान उघडं पडतं.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये क्षारयुक्त आणि चोपण जमिनींवर जी ६० क्रमांकाची हस्तपुस्तिका काढली, ती आजही जगभर या विषयाचा पाया मानली जाते. मातीच्या कणांवर धरलेल्या क्षारघटकांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण धरायची, ही मर्यादा त्यातलीच. फुगणाऱ्या काळ्या मातीत तर त्याहून कमी प्रमाणातही निचरा बिघडायला लागतो. सुधारणेचा क्रमही याच शास्त्रातून येतो: आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम, आणि मग भरपूर पाणी. नुसतं पाणी मारत सुटलात तर उलटं होतं.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मला जड जाते. मीठ टाकून महिना झाला तरी हरळी हिरवीच दिसते. हरळी खारटपणा बऱ्यापैकी सोसते, आणि तिच्यातली काही कोवळी, रुंद पानांची तणं खरोखर करपतात. म्हणून लोक फोटो टाकतात आणि मजकूर पुढे सरकतो. पण लॉनमधला खरा शत्रू लव्हाळा. त्याच्या गाठी जमिनीखाली असतात. वरचं पान जळलं तरी गाठीतून नवा कोंब येतो. तो पावसानंतर माती मऊ असताना खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो, पुन्हा पुन्हा. याला दुसरा सोपा रस्ता असता तर तुमच्या माळ्याने तो केव्हाच धरला असता.

ज्यांनी मीठ टाकलंय त्यांनी खडे अजून दिसत असतील तर आजच खराट्याने गोळा करा, पाणी मारायच्या आधी. विरघळलं असेल तर त्या भागाची माती तपासून घ्या. पीएच आणि क्षारतेबरोबर सोडियमचं प्रमाणही काढून मागा, कारण साध्या तपासणीत ते नेहमी नसतं. जिप्सम किती टाकायचं हे त्या आकड्यावर ठरतं, अंदाजाने नाही. मामांच्या कोपऱ्याची माती मी स्वतः पिशवीत भरून नेली.

आता काळी माती. मजकुरात म्हटलंय की क्रिकेटच्या मैदानावर काळी माती टाकून रोलर फिरवतात, मग घरी का नाही. नाशिककरांनी तरी हे मान्य करू नये. आपल्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, रणजीचे सामने झालेत. सकाळी फिरायला जाता तेव्हा नीट बघा: दाबून घट्ट केलेली असते ती मधली खेळपट्टी. ती २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद असते, आणि तिथे चेंडू उसळायला हवा म्हणून चिकणमाती दाबून दाबून तिच्यातली हवा काढतात. गवत तिथे जवळजवळ मुळापर्यंत कापलेलं असतं. गवत वाढवायचं असतं ते बाहेरच्या भागात, आणि तिथे कुणी दोन इंच माती थापत नाही. नव्या लावलेल्या लॉनवर मुळं मातीला टेकावीत म्हणून हलका रोलर एकदा फिरवणं ठीक. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवला तर तुम्ही अंगणात खेळपट्टीच तयार करता.

आणि दोन इंच? पाचशे फुटांवर दोन इंच म्हणजे ८३ घनफूट, पाऊण ब्रासहून जास्त माती! पाती पूर्ण गाडली जातात, त्यांना ऊन मिळत नाही. हरळी चिवट असल्याने काही ठिकाणी वर येते, काही ठिकाणी कुजते, आणि लॉन आधीपेक्षा जास्त उंचसखल होतं. दुसरं असं की नर्सरीतून आणलेल्या लॉनच्या लाद्या बहुधा लाल मातीतल्या असतात. लाल मातीवर काळीचा जाड थर बसला की दोन थरांच्या सीमेवर पाणी अडतं आणि मुळं खाली जायची सोडून वरच्याच थरात घोटाळतात. थर द्यायचा तो पाव इंच. फार तर खोलगट जागी अर्धा. पाती वर दिसलीच पाहिजेत. पाचशे फुटांना दहा-साडेदहा घनफूट पुरतं. मामांनी सांगितलेली ट्रॉली आली तर ती मोगऱ्याच्या आणि कढीपत्त्याच्या वाफ्यात जाईल, असं मामींनी ठरवलंय.

वाळूबद्दल फार लिहीत नाही. वाळूचा थर देण्याची पद्धत खरी आहे, जुनी आहे. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला एकोणिसाव्या शतकात ओल्ड टॉम मॉरिस गोल्फच्या हिरवळीवर वाळू टाकत. पण तिथली जमीन समुद्रकाठची, मुळातच वाळूची. आपल्या चिकणमातीत निम्म्याहून जास्त वाळू मिसळल्याशिवाय तिचा स्वभाव बदलत नाही. वर मूठभर मारून काही होत नाही. आणि परवान्याशिवाय नदीतून वाळू उचलणं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमाखाली दंडपात्र आहे. कुणी "गोदावरीची आहे" म्हणून अभिमानाने आणून दिली तर आधी पावती विचारा.

खड्डे एकदम भरायचे नाहीत. उथळ असेल तर थोडी माती, गवत वर आलं की पुन्हा थोडी. खोल असेल तर त्या जागेचं गवत कुदळीने मुळांसकट लादीसारखं उचला, खाली माती भरा, लादी परत ठेवा.

वेळेचा मुद्दा मात्र सांगायलाच हवा. हिवाळ्याच्या तोंडावर थर देण्याचा सल्ला इंग्लंडकडून उचललेला दिसतो. तिथलं राय आणि फेस्क्यू गवत थंड हवेतलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते जोमात असतं, त्यामुळे तिथे तो बरोबर आहे. आपली हरळी उष्ण हवेतली. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ती जवळजवळ वाढतच नाही. तेव्हा तिच्यावर माती टाकली तर तिला वर येण्याची ताकद नसते. थर द्यायचा तो फेब्रुवारीअखेर ते मार्च, किंवा मृगाचा पाऊस पडून गवताने जोर धरल्यावर. जुलैच्या झडीत नको, माती वाहून कडेला जाते.

"दोन वर्षं खत नको" हे अर्थहीन आहे. नुसत्या मातीत नत्र असतं किती? हरळी खादाड आहे आणि तुम्ही तिला दर आठवड्याला कापून बाहेर टाकता. चांगल्या कुजलेल्या शेणखताचा थर असेल तर खताची गरज थोडी कमी होते, एवढंच.

करायचंच असेल तर असं करा. गवत बारीक कापा. पंजाने ओढून मुळाशी साचलेलं वाळकं गवत काढा. पाणी आणि खत अडवतं ते बऱ्याचदा हेच. दाताळ्याने तीन-चार इंच खोल भोकं पाडा. तुमच्या लॉनखाली जी माती आहे तशीच माती, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी जाड वाळू चाळून मिसळा. कच्चं शेणखत नको, त्यातून तणाचं बी येतं. मिश्रण कोरडं असताना फावड्याने उडवून पसरा आणि खराट्याने पात्यांमधून खाली उतरवा. मग झारीने हलकं पाणी. पाती नीट वर येईपर्यंत त्यावर खुर्च्या मांडू नका, आणि पहिल्या कापणीला मशीनचं पातं नेहमीपेक्षा वर ठेवा, नाहीतर नव्या मातीतले खडे त्याला लागतात.