नजरेच्या सक्तीबद्दल, एका आईला उत्तर

ताई,

"नजर मिळवायची सक्ती करू नका, असं लिहायला तुमचं काय जातं? माझ्या आठ वर्षांच्या मुलाला शाळेत उद्धट म्हणतात, ते ऐकायला तुम्ही येता का?" तुमचं हे वाक्य झोंबलं, कारण त्यात तथ्य आहे. ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांच्या नजरेवर एवढा लांबलचक लेख लिहिला आणि शाळेबद्दल एक ओळ नाही. चूक माझीच.

सक्तीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणून काम सुरू केलं तेव्हा काही वर्षं मीही "माझ्याकडे बघ" हेच करत होते. मुलाची आवडती गाडी स्वतःच्या भुवयांच्या मधोमध धरायची, त्याने वर पाहिलं की द्यायची, वहीत बरोबरची खूण करायची. एक मुलगा यात इतका तरबेज झाला की गाडी नसतानाही माझ्या कपाळाकडे टक लावायचा आणि हात पुढे करायचा. तो मला बघतच नव्हता, गाडीची जागा बघत होता! वहीत मात्र प्रगती उत्तम.

बरेच ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहिलं की त्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. मग नजर हवी की लक्ष?

लहान मुलं साधारण वर्षाची होताना बोट दाखवू लागतात. एक बोट "मला ते दे" म्हणतं, दुसरं "ते बघ ना!" म्हणतं. ऑटिस्टिक मुलांमध्ये हे दुसरं बोट बऱ्याचदा उशिरा येतं किंवा येतच नाही. माझा सगळा जोर त्यावर असतो.

साबणाच्या फुग्यांची बाटली घट्ट बंद करून मुलाला द्या. ते तुमचं मनगट धरून झाकणावर नेऊन ठेवेल, जणू तुमचा हात म्हणजे झाकण उघडायचं अवजार. लगेच उघडू नका आणि बोलूही नका (हे सगळ्यांत अवघड, मोठ्यांना शांतता सोसत नाही). मनात दहा मोजा. त्याने बाटली तुमच्याकडे ढकलली तरी पुरे, ती मागणीच आहे. रडवेलं व्हायच्या आत उघडा, नाहीतर तो छळ होतो. एक मुलगी कितीतरी दिवस अशी नुसती बाटली ढकलायची. मग एकदा एक मोठा फुगा काचेवर आपटून फुटला, ती खुदकन हसली आणि झर्रकन माझ्या तोंडाकडे बघून परत काचेकडे वळली. मीही पाहिलं ना, एवढंच तिला तपासायचं होतं. ती नजर कुणी मागितली नव्हती.

चित्राचं कार्ड देऊन मागायला शिकवलं तर बोलणं थांबेल, ही तुमची दुसरी शंका. तसं संशोधनात दिसलेलं नाही, काही मुलांचं बोलणं थोडं वाढलेलंच दिसतं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये आणलेल्या 'पेक्स' या चित्रकार्डांच्या पद्धतीत तर पहिला धडा चित्र ओळखायचा नसतोच. कार्ड माणसाच्या हातात नेऊन द्यायचं असतं. त्यासाठी दोन मोठी माणसं लागतात. एक समोर हात पसरून, दुसरं मागे बसून अवाक्षर न काढता मुलाच्या हाताला आधार देणारं.

आता शाळा. मुलाकडून एक वाक्य पक्कं करून घ्या: "मी खाली बघतो तेव्हा मला नीट ऐकू येतं." बोलणं जड जात असेल तर तेच कार्डावर. "नको" हे कार्डही सोबत असू द्या, कारण नकार देता येणं हेही संवादाचंच कौशल्य आहे. बाईंना सांगा, ऐकतोय का हे नजरेवरून ठरवू नका, एखादा प्रश्न विचारून बघा. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज ऑटिस्टिक आणि इतर अशा दोन्ही बाजूंनी होतो, एकमेकांना समजून घेण्यात दोघंही कमी पडतात. त्यातली बाईंची बाजू तुमच्या मुलाने एकट्याने का भरून काढायची?

बाईंना द्यायच्या चिठ्ठीचा मसुदा मी लिहून देते. त्यासाठी एकच कळवा: तो आपणहून तुम्हाला दाखवायला काय घेऊन येतो?